वर्गाचं हस्तलिखित आणि एक कोरं पान

पत्राचा सारांश : पत्रलेखिका इंदूरच्या, सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. मार्च १९७२ मध्ये अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या हायर सेकंडरीची परीक्षा देऊन त्या शाळेबाहेर पडल्या. त्यांच्या वर्गाचा मेळावा येत्या १६ डिसेंबरला ठरला आहे आणि स्मरणिकेचं संपादन ओघानंच त्यांच्या गळ्यात पडलं आहे. आलेले लेख बरेचसे एकाच छापाचे आहेत : ब्लॅकआउट, खंदक, रेडिओ, पेढे. अशात त्यांच्या एका दिवंगत गुरुजींच्या घरून वर्गाचं त्या वर्षीचं हस्तलिखित सापडलं. विषय ‘शाळा सोडताना’, लिहिलेलं जानेवारी १९७२ मध्ये. १९७१ चं भारत-पाकिस्तान युद्ध थांबून जेमतेम महिना झालेला, सैन्य अजून सरहद्दीवरच.

या हस्तलिखिताने तीन पेच उभे केले. पत्रलेखिकेच्या स्वतःच्या निबंधात ‘हे वर्ष माझ्या आयुष्यातलं सर्वांत मजेचं’ असं वाक्य आहे. ते वाचून नात म्हणाली, ‘आजी, लढाई चालू होती आणि तुम्हाला मजा वाटत होती?’ एका मुलाची रक्ताच्या पाटांची कविता आहे. तो मुलगा आता निवृत्त डॉक्टर असून कविता वगळा म्हणतो, बाकीचे छापाच म्हणतात. आणि एक पान कोरं आहे. ज्या मैत्रिणीचं ते पान, तिचे वडील फौजेत होते. विजयाचे पेढे वाटून झाल्यावर दोन दिवसांनी, १८ डिसेंबरला, तिच्या घरी तार आली. जानेवारीत ती शाळेत आली, पण त्याबद्दल तिच्याशी कुणी अवाक्षर काढलं नाही. परीक्षा देऊन ती आईबरोबर साताऱ्याकडे निघून गेली. आता कुणीतरी तिचा फोन नंबर मिळवला आहे. तिच्याकडून चार ओळी घ्याव्यात आणि मेळाव्यात ‘वीरकन्या’ म्हणून तिचा सत्कार करावा असा ग्रुपचा आग्रह आहे. ‘काय छापू, काय गाळू, तिला फोन करू का, की हस्तलिखित सापडलंच नाही असं समजून गप्प बसू?’ असं त्या विचारतात.

---

ताई,

हस्तलिखित सापडलंच नाही असं समजायचा पर्याय आधी निकालात काढू. नातीच्या हातात ते दिलंत त्याच दिवशी तो संपला. आणि तुम्हालाही तो मनापासून नको आहे, नाहीतर इतकं सविस्तर पत्र लिहायचे कष्ट घेतले नसतेत.

सुरुवात तुमच्या निबंधापासून करते. त्याबद्दल तुम्ही सगळ्यात कमी लिहिलं आहे आणि संकोच सगळ्यात जास्त तिथेच दिसतो. तुम्ही उतरवून पाठवलेला परिच्छेद वाचकांसाठी देते (त्यातले गराडू म्हणजे इंदूरकडे थंडीत मिळणारे कंदाचे तळलेले तुकडे) : ‘संध्याकाळच्या प्रथमोपचाराच्या वर्गाला जायची परवानगी मिळाली. न्यायला कुणी येत नसे. आम्ही चौघी खातीपुऱ्यातून एकमेकींचे हात धरून अंधारात घरी येत असू. एकदा मध्येच सायरन झाला तेव्हा गराडूवाल्याच्या ओट्याला चिकटून बसलो. त्याने शेगडी विझवली आणि कढईत राहिलेले गराडू आम्हाला फुकट दिले. इतके चविष्ट गराडू मी कधी खाल्ले नाहीत.’

आता मला सांगा, या परिच्छेदात लढाईची मजा कुठे आहे? १९७१ सालच्या इंदुरातल्या मध्यमवर्गीय मराठी घरातली सोळा वर्षांची मुलगी. दिवेलागणीनंतर बाहेर जायचं तर सोबत कोण, काम काय, परत किती वाजता, हे सगळं सांगून वर ‘उद्या सकाळी जा’ हेच ऐकायचं. त्या डिसेंबरात एकाएकी कुणीतरी तुमच्या हातात बँडेजची गुंडाळी दिली आणि तुझी गरज पडेल म्हणून सांगितलं. घरच्यांनी तुम्हाला रात्री एकटीदुकटीला जाऊ दिलं. सोळाव्या वर्षी याच्याइतका आनंद दुसरा कशाचा असतो? त्याला निमित्त युद्ध झालं हे दुर्दैव खरं, पण त्यापायी आनंद खोटा ठरत नाही. तुम्ही तेव्हा खरं लिहिलंत. वर्गातल्या बाकीच्यांनी मोठ्यांना आवडेल ते लिहिलं असावं असा मला संशय आहे.

म्हणून नातीचा प्रश्न उडवून लावू नका. ‘तुला काय कळणार आमचा काळ’ हे उत्तर देऊन आपल्याकडे कित्येक चांगली बोलणी संपली आहेत. तिच्या प्रश्नात तथ्य आहे. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अंबाला, थेट आग्र्यापर्यंतचे विमानतळ गाठले, तेव्हा शेजारी महूची छावणी असलेल्या इंदूरला भीती वाटणं साहजिकच होतं. पण इंदूरवर काही पडलं नाही. त्याच वर्षी पूर्व बंगालमधून सुमारे १ कोटी माणसं सरहद्द ओलांडून आली. त्यांतली काही आपल्याच तेव्हाच्या मध्य प्रदेशात, रायपूरजवळच्या माना छावणीत होती. त्या छावणीतल्या सोळा वर्षांच्या मुलीला शाळा सोडताना काय लिहायला सांगणार? तुम्हाला गराडूंची चव आठवते, कारण सरहद्द लांब होती आणि तुमच्या घरचं कुणी तिथे नव्हतं. निबंध जसाच्या तसा छापा, काना-मात्रासुद्धा बदलू नका, आणि त्याखाली आजची तारीख टाकून दहा-बारा ओळींत हे लिहा. क्षमायाचनेचा सूर नको. तेव्हा काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं, एवढंच.

नातीलाही कामाला लावा. ती २०२५ साली बारावी झाली असं तुम्ही लिहिता. आपल्या मध्य प्रदेश मंडळाचा निकाल ६ मेला लागला आणि दुसऱ्याच दिवशी, ऑपरेशन सिंदूरच्या बातम्या चालू असताना, संध्याकाळी इंदुरात सायरन वाजवून दिवे घालवले. ती काही मिनिटं ती कुठे होती? गच्चीवर कोण कोण जमलं होतं, मोबाइलवर काय टिपलं, हसू आलं की नाही? उलटतपासणी म्हणून हे विचारू नका. तिच्याकडून एक पान लिहून घ्या आणि तुमच्या पानासमोर छापा. माझा अंदाज, लिहिता लिहिता ती तुमच्याबद्दल जरा मवाळ होईल.

आलेले लेख एकाच छापाचे आहेत ही तुमची तक्रार रास्त आहे, पण त्यात लिहिणाऱ्यांचा दोष थोडा. लग्नाकार्यांत वर्षानुवर्षं सांगून आठवणी गुळगुळीत होतात, आणि ज्याची गोष्ट रंगते तिच्यात बाकीचे आपापली मिसळून टाकतात. त्यातून तुमच्या पिढीच्या शालेय वयात तीन युद्धं आली, ती एकमेकांत शिरतात. तुम्ही नमुन्याला पाठवलेल्या एका लेखात आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्याचा प्रसंग आहे. सोनं देण्याची ती लाट १९६२ ची. राष्ट्रीय संरक्षण निधी त्या वर्षी सुरू झाला, तुम्ही सगळे तेव्हा दुसरीत. दुसऱ्या लेखात सोमवारी रात्री घरात चूल पेटत नसे. ते शास्त्रीजींचं एक वेळचं जेवण सोडायचं आवाहन, १९६५ चं, म्हणजे तुमची पाचवी. तिसऱ्यात ३ डिसेंबरच्या रात्री ‘डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख’ पसरला आहे. जुनं पंचांग काढा. मार्गशीर्षी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, कुणाकुणाकडे दत्तजयंतीचा सुंठवडासुद्धा शिल्लक असेल. त्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण होता. खरा काळोख दुसऱ्या आठवड्यातला. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली तेव्हा अमावास्या तोंडावर आली होती. त्याच लेखात इंदिरा गांधींचं भाषण सगळ्यांनी जेवताना ऐकलं आहे. ते झालं मध्यरात्र उलटून गेल्यावर.

लेख परत पाठवा असं मी म्हणत नाही. पाटल्यांची गोष्ट खरीच असणार, फक्त नऊ वर्षं आधीची. लेखकाला फोन करून विचारा, ‘तेव्हा तू किती उंच होतास, आईच्या खांद्याला लागत होतास का?’ त्याचं त्यालाच लक्षात येईल, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाने पाहिलेला प्रसंग म्हणून लेख उलट जास्त चांगला होईल.

बाकीच्यांनाही नव्याने लिहायला सांगा, मात्र ‘युद्धकाळात तुमच्या भावना काय होत्या’ असं विचारू नका. त्यातून भाषणं येतात. त्या पंधरवड्यात रात्री घरात कोण कुठे झोपायचं, हे विचारा. खिडकीच्या काचांना कुठला कागद लावला होता आणि तो कोणी, कधी काढला? शाळेच्या मैदानात खणलेला खंदक पुढे कधी बुजवला, त्यात कोण पडलं? पत्रावर चिकटवायचं पाच पैशांचं जादा तिकीट आठवतं का? (निर्वासितांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ते लागू झालं. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ‘रेफ्युजी रिलीफ’ असं छापून काढलं होतं. तुमच्या हस्तलिखितात चिकटवलेल्या पाकिटावर आहे ते तेच.) आणि शेवटी एक विचारा : तुमच्या बाकावरचं कोण त्या वर्षी गप्प झालं होतं? शहरातल्या एखाद्या जुन्या वाचनालयात त्या डिसेंबरचे ‘नईदुनिया’चे अंक मिळाले तर दोन दुपारी तिथे घालवा. तारखा तर जुळतीलच, पण सिनेमाच्या आणि स्वेटरच्या जाहिराती पाहून निम्म्या वर्गाला काहीतरी नवीन आठवेल.

डॉक्टरसाहेबांच्या कवितेवर मी फार वेळ घालवणार नाही. त्या जानेवारीत देशातल्या कितीतरी शाळांच्या हस्तलिखितांत अशी एखादी कविता असणार. तुमच्या गुरुजींनी तिच्याखाली लाल शाईत ‘वा!’ असा शेरा दिला आहे, आणि मला तो शेरा कवितेपेक्षा बोलका वाटतो. पण छापायचं की नाही यात कवीचा शब्द अखेरचा. हयात माणसाचं शाळकरी लिखाण त्याच्या मनाविरुद्ध छापावं इतकं मोठं काही इथे अडलेलं नाही. ‘इतिहास आहे’ म्हणणाऱ्यांना आपापल्या वह्या आणायला सांगा. नाव गाळून छापायची तडजोडही करू नका, वर्गातल्या कुणाला कवी ओळखू येणार नाही? आणि चार जहाल शब्द सौम्य करून छापणं तर त्याहून वाईट. जशीच्या तशी, नाहीतर नाहीच. फक्त त्यांना एकदा विचारून बघा, ही कविता आज वाचताना काय वाटलं त्यावर पानभर लिहाल का? नको म्हणाले तर विषय संपला. मूळ वहीतलं पान मात्र त्यांनाही फाडू देऊ नका.

आता ते कोरं पान. वर बोरूने काढलेलं नाव, डावीकडे लाल शाईचा समास, खाली काही नाही. तुम्ही लिहिता, ‘आम्ही तिच्याशी बोललो नाही हा आमचा गुन्हा आहे, तिची माफी मागायलाच हवी.’

जरा थांबा, ताई. या एका वाक्यात तुम्ही तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पान दुःखामुळे कोरं राहिलं. तुमचं गप्प राहणं तिच्या जिव्हारी लागलं. आणि इतक्या वर्षांनी तिला ते तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. यातलं एकही तुम्हाला ठाऊक नाही. पान परीक्षेच्या आणि सामान बांधण्याच्या धांदलीत राहून गेलं असेल. घरी महिनाभर भेटायला येणाऱ्यांची रीघ, तेच ते प्रश्न, आईचं रडणं; त्यातून सुटून ती शाळेत आली तेव्हा कुणी काही विचारत नाही याचंच तिला बरं वाटलं असेल. किंवा तुम्ही म्हणता तसं, तुमचं न बोलणं तिने जन्मभर मनात ठेवलं असेल. काय झालं ते तीच सांगू शकते, आणि सांगायचं की नाही हेही तिनेच ठरवायचं.

सत्काराला माझा साफ विरोध आहे. ज्यांनी अर्ध्या शतकात तिला एक पोस्टकार्ड टाकलं नाही त्यांनी एकदम शाल-श्रीफळ घेऊन उभं राहावं हे मला बघवणार नाही. ती तुमच्या वर्गातली मुलगी. तुम्हीच लिहिता की ती गणितात पहिली यायची आणि खो-खोमध्ये तिला बाद करता करता समोरचा संघ रडकुंडीला यायचा. मंचावर बोलावून तिला फक्त वडिलांची मुलगी करून टाकू नका. आणि मेळाव्याची तारीख बदलता आली तर बघा. १६ डिसेंबर ही तुमच्या वर्गाची पेढ्यांची आठवण, तिच्या घरची आठवण १८ डिसेंबरची. फेब्रुवारीत, शाळेचा निरोप समारंभ व्हायचा त्या सुमारास ठेवलात तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि परगावच्यांना थंडीही कमी लागेल.

तिच्याशी संपर्क करावा का? करावा, असं माझं मत. फोन मात्र करू नका. फोन माणसाला बेसावध गाठतो आणि भिडेखातर ‘हो, हो, देईन की’ असं बोलून जायला लावतो. पत्र लिहा, हाताने, एक पान. तुमचं माहेरचं नाव आधी, कारण सासरच्या नावाने तिला काही कळणार नाही. मग खो-खोची एखादी आठवण. मग हस्तलिखित सापडलं, त्यात तुझ्या नावाचं पान आहे, हवं असेल तर पाठवते. आणि एक वाक्य, सरळ : ‘तुझे वडील गेले तेव्हा आमच्यापैकी कुणी तुझ्याशी बोललं नाही, हे माझ्या लक्षात आहे.’ यापुढे कारणं देऊ नका, ‘आम्ही लहान होतो’ हेसुद्धा नको. लेखाची मागणी नाही, मेळाव्याचं आमंत्रण नाही. खाली फोन नंबर. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असंही लिहू नका. त्याने उलट दडपण येतं.

पत्र टाकण्यापूर्वी स्वतःला विचारा, तिचं उत्तर ‘मला त्या वर्षाबद्दल बोलायचं नाही’ असं आलं तर? तुम्हाला ते लागेल असं वाटत असेल तर पत्र महिनाभर तसंच ठेवा, मग पुन्हा वाचा. तुमचं मन हलकं करायचं काम तिच्याकडे सोपवलं जात नाही ना, हे तेवढ्यात कळेल. तिचा पत्ता-नंबर ग्रुपवर टाकू नका, आणि ज्यांनी तो मिळवला त्यांनाही बजावा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मोबाइलवर तीस सुप्रभात आणि फडकता तिरंगा येऊन पडेल.

उत्तर आलं तर पुढचं ती म्हणेल तसं. नाही आलं तर आठवण करायला दुसरं पत्र नको, आणि तिचं पान छापू नका. कोरं छापून खाली पणती काढायची कल्पनाही कुणाला सुचू देऊ नका. स्मरणिकेत वर्गाची यादी असेलच. ती हजेरीपटाच्या क्रमाने द्या, माहेरच्या नावांनी, आणि तिचं नाव तिच्या क्रमांकावर, बाकी सगळ्यांसारखं. नावापुढे खूण नाही, पदवी नाही.

हे सगळं फक्त १९७२ च्या वर्गापुरतं नाही, म्हणून थोडं इतर वाचकांसाठीही. कारगिलच्या उन्हाळ्यात, १९९९ साली शाळा सोडलेल्यांचे मेळावे आता सुरू झाले आहेत, आणि २०२०-२१ मध्ये ज्यांचा निरोप समारंभ मोबाइलच्या पडद्यावर झाला त्यांचेही पुढे होतील. प्रत्येक वर्गात कुणीतरी असं असतं ज्याच्या घरी त्या वर्षी काहीतरी घडलं आणि ज्याला त्यानंतर कुणी सहलीलाही बोलावलं नाही. स्मरणिकेचं काम हाती घ्याल तेव्हा लेख मागवण्याआधी संपूर्ण हजेरीपट लिहून काढा आणि प्रत्येक नावापुढे शेवटचं कोण कधी बोललं ते टिपा. ज्या नावांपुढे काहीच लिहिता येणार नाही, तिथून सुरुवात करा. मंगल कार्यालयाचं बुकिंग आणि जेवणाचा मेनू नंतर ठरला तरी चालतो.

राहिली ती मूळ वही. प्रत्येक पानाचा खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो घ्या. सुटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तो पिवळा पडून शाईसकट कागद उचलतो. पाकिटावरचं ते पाच पैशांचं तिकीट काढून वेगळं ठेवायचा मोह आवरा. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा आणि वही स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात आडवी ठेवा. आणि ग्रुपमधल्या ज्या उत्साही गृहस्थांनी सगळी पानं लॅमिनेट करून द्यायची तयारी दाखवली आहे, त्यांना तो खर्च स्कॅनिंगला द्यायला सांगा. ऐकत नसतील तर वही मेळाव्याला नेऊच नका.